अॅम्प विकण्याआधी त्याचा गेन शून्यावर आणून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या युवा पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारवर लेख आला होता. लेख बरा होता, पण त्यातल्या एका वाक्यानं आमच्या घरात भांडण लावलं. चांगला टोन हवा असेल तर निदान पन्नास हजारांचा अॅम्प (अॅम्प्लिफायर) घ्यावाच लागतो, असं त्यात म्हटलं होतं. पुतण्यानं ते कापून फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ दुकान उघडायच्या आधी माझ्या दारात. "दादा, ह्याला गिटारचा नाद तूच लावलास, आता तूच निस्तर."

मी शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करतो. १९८६ पासून सतरा वर्षं रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. लग्नं, जत्रा, गणपती, काही सुटलं नाही. पन्नास हजारांचा अॅम्प मी लांबूनच बघितलाय. तरीही त्या वाक्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

पुतण्याचा अॅम्प पंधरा वॅटचा, साडेसहा इंची स्पीकरचा. शिकणाऱ्या पोरांकडे असतो तसाच. मी गेलो तेव्हा गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत ताणणारं बटण, पूर्ण वर, बास पूर्ण, ट्रेबल पूर्ण आणि मिडल शून्य. बाटलीत गांधीलमाशी कोंडावी तसला आवाज. पोरगं म्हणतं, "काका, अॅम्पच फालतू आहे." अॅम्प फालतू नव्हता. त्याला जमत नाही ते काम त्याच्याकडून चाललं होतं.

स्वस्त ट्रान्झिस्टर अॅम्पचं दुखणं बहुतेक वेळा त्याच्या गेनमध्ये असतं. आवाज त्याच्या आवाक्याबाहेर गेला की लाटेचा माथा छिन्नीनं उडवल्यासारखा सपाट होतो, आणि त्या धारदार कडा कानाला टोचतात. तोच अॅम्प क्लीन, म्हणजे न फाटलेल्या आवाजावर, ठेवला तर मात्र चक्क शहाण्यासारखा वागतो. म्हणून मी आधी गेन शून्यावर आणला, बाकी बटणं मध्यावर ठेवली आणि आवाज फाडायचं काम बाहेर, पेडलकडे, म्हणजे पायानं चालू-बंद करायच्या छोट्या डबीकडे दिलं. जगभर नावाजलेला रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ सालचा अॅम्पही ट्रान्झिस्टरचाच आहे. लोक त्याचा क्लीन आवाज घेतात आणि डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज, पेडलमधून आणतात. तो मोठा, हा धाकटा, पण रीत तीच.

पेडल कुठलं? ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज हळुवार फाडणारं. आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये निघाला. आज बाजारात त्याच वळणाची स्वस्त पेडलं ढिगानं मिळतात. त्यात लाटेचा माथा छिन्नीनं उडत नाही, कानशीनं गोल घासला जातो. शिवाय साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना ते कमी कमी गेन देतं, म्हणजे बास आधीच आवरून मग आवाज फाडतं. त्यामुळं जाड तारांचा चिखल होत नाही. गंमत अशी की त्या जुन्या पेडलचा जीव म्हणजे ४५५८ नावाचा आयसी, आणि आपल्याकडं असेंबल अॅम्प्लिफायर बनवणाऱ्या कुणाच्याही ड्रॉवरमध्ये तो सापडतो. टेपच्या जमान्यात बास-ट्रेबलच्या किटवर तोच असायचा. नव्वदच्या सुमारास मी असली किटं डझनानं जोडली. हातातल्या चिपवर परदेशातली पोरं जीव टाकतात हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पण खरी जादू पुतण्याला दिसली ती दुसऱ्या पेडलमध्ये, आणि ते घ्यायला कुणी राजी नसतं, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. सात पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर, जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारा. बॉसच्या जीई-७ मध्ये आणि त्याच्या स्वस्त भावंडांत पट्ट्या असतात १००, २००, ४०० आणि ८०० हर्ट्झला, मग १.६, ३.२ आणि ६.४ किलोहर्ट्झला. मी सेकंडहँड मिळवला, अठराशेला. ओव्हरड्राइव्हच्या पुढं, अॅम्पच्या बाजूला लावला आणि सगळ्यात आधी १०० ची पट्टी खाली ओढली. पोरगं ओरडलं, "काका, बास जाईल!" अरे, होता कुठं? गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते. साडेसहा इंची स्पीकर त्या छोट्या खोक्यात तो स्वर धड देऊच शकत नाही, नुसता थरथरतो, आणि त्या थरथरीत बाकीचं बुडतं. बास काढला तसा आवाज मोकळा झाला. मग ४०० थोडी खाली, म्हणजे डब्यात बोलल्यासारखं वाटतं ते गेलं. ८०० दोन रेघा वर. ६.४ ची पट्टी जवळजवळ तळाला, कारण गांधीलमाशी तिथंच राहत होती.

मिडल शून्य करायची खोड आजकाल सगळ्या पोरांत आहे. खोलीत एकट्यानं वाजवताना तसा आवाज भारी वाटतो, हे खरं. पण बाजूला ड्रम आणि कीबोर्ड आला की गिटार गायब. वरातीतली बेंजो पार्टी आठवा. तिचा बेंजो चार गल्ल्या पलीकडं ऐकू येतो, तो बासच्या जोरावर नाही. मधल्या स्वरांच्या जोरावर येतो.

डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, हवा असेल तर तो सगळ्यात शेवटी. ओव्हरड्राइव्हच्या आधी लावलात तर प्रतिध्वनीही फाटतो आणि सगळा गोंधळ होतो. स्वस्त डिलेंपैकी पुष्कळांत पीटी-२३९९ ही चिप असते. ती मुळात कराओकेच्या एकोसाठी केलेली, म्हणजे मंडळाच्या माइकवर 'हॅलो हॅलो' म्हटल्यावर घुमतं ना, त्याच घराण्यातली. नाकं मुरडू नका, गिटारवर गोड वाजते.

आता माझी फजिती. पेडल आलं त्या रात्री अॅडॉप्टर हाताशी नव्हता, म्हणून कीबोर्डचा लावला. पिन अगदी चपखल बसली. चाळीस वर्षं वायरी सोलणाऱ्या माणसानं मीटर न लावता हे करावं! तो बारा व्होल्टचा, मधली पिन प्लस. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात आणि मधली पिन मायनस. जळक्या वासानं खोली भरली. नशीब, उलटा करंट अडवायला आत बसवलेला डायोडच काय तो गेला. रुपया-दोन रुपयांचा. तो बदलला आणि पेडल परत बोललं. पण ज्याच्या घरात सोल्डर गन नाही त्यानं अॅडॉप्टरवरचं छोटं चित्र वाचल्याशिवाय पिन घालू नये. तेव्हापासून मी पुतण्याच्या अॅडॉप्टरला लाल चिकटपट्टी लावली आहे.

हिशेब सांगतो. ओव्हरड्राइव्ह सव्वीसशे, इक्वलायझर अठराशे, चांगला नऊ व्होल्टचा अॅडॉप्टर सातशे. एकूण ५,१०० रुपये. पेडल ठेवायची पाटी माझ्या दुकानातल्या प्लायच्या तुकड्याची, फुकट. स्पीकरचा कोन फाटला असेल किंवा तारा गंजल्या असतील तर मात्र हे सगळं वाया, ते आधी बदला. आणि पंधरा वॅटचा अॅम्प पेडलनं पन्नास वॅटचा होत नाही. मैदानावर वाजवायचं तर त्याच्यापुढं माइक ठेवून आवाज पीएवर, म्हणजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांवर घ्या, आम्ही तेच करायचो.

पत्र लिहायचं अजून एक कारण आहे. गेल्या महिन्यात शहरातल्या एका सभागृहात पुतण्याच्या कॉलेजचा कार्यक्रम होता. अॅम्पमधून सारखी गुणगुण येत होती. साउंडवाला म्हणाला, "स्वस्तातली पेडलं वापरता, मग असंच होणार." मी पेडलं काढून गिटार सरळ अॅम्पला लावली. गुणगुण तशीच. मग मीटर लावला, तर स्टेजवरच्या सॉकेटची अर्थिंगची पिन आत कशालाच जोडलेली नव्हती. गिटारची तार आणि गायकाच्या माइकची जाळी यांच्यामध्ये नव्वदच्या आसपास व्होल्ट दाखवत होते. तारांवर हात आणि जाळीला ओठ, म्हणजे पोराला झटका ठरलेलाच. त्यातही नेहमीच झिणझिण्यांवर भागेल असं नाही.

सभागृह चालवणाऱ्यांना आणि गणपतीच्या आधी स्टेज बांधणाऱ्या मंडळांना विनंती आहे की वायरमन बोलावून प्रत्येक सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. एका सकाळचं काम आहे. आमच्या वॉर्डातल्या मंडळांचं मी स्वतः फुकट करून देईन.

पत्र लांबलं. जागा कमी पडली तर ४५५८ चं कौतुक खुशाल कापा, पण अॅडॉप्टरची मधली पिन आणि अर्थिंग तेवढं ठेवा.

आपला,
एक जुना ऑर्केस्ट्रावाला,
मंगळवार पेठ, कोल्हापूर