बर्फ नसला तरी ओल्डमॅन आहे

महोदय,

डिसेंबर लागला की मनाली-काश्मीरच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि आमच्या बेळगावातही खिडक्यांना कापसाचा बर्फ चिकटतो. हौसेला मोल नाही; पण समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरच्या या गावात थंडीला काय तोटा? सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जावं, भातकापणीनंतर शिवारात उभा राहिलेला मसूर-हरभरा बघावा. खानापूर तालुक्यातल्या हलशीचं कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिरही निवांत पाहण्यासारखं आहे.

खरी मजा मात्र 31 डिसेंबरच्या ओल्डमॅनची! जुनी पँट, फाटका शर्ट, आत ठासलेलं गवत, तोंडाला मुखवटा. पोरं तो गल्लीत उभा करतात आणि मध्यरात्री सरत्या वर्षासकट जाळून टाकतात. हल्ली कॅम्पात तयार पुतळेही मिळतात. सोय झाली खरी, पण गवत कोंबताना होणारी पोरांची भांडणं गेली, याची मला तरी चुटपुट लागते.

पालकांना एकच विनंती : ओल्डमॅनमध्ये टायर आणि कानठळ्या बसवणारे फटाके घालू देऊ नका. त्या धुरानं गल्लीतली म्हातारी माणसं रात्रभर खोकत बसतात.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव