रेषेआधी पात्र मोजा

पुण्यातील मुठा नदीची पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणारी रेषा) नव्याने आखण्याबाबतचे वृत्त वाचले. रेषा जरूर आखावी, पण आधी पात्राचे आजचे छेद, म्हणजे ठिकठिकाणची आडवी रुंदी-खोली, मोजायला हवेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. मुठेसाठी निळ्या रेषेचा विसर्ग ६० हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) धरलेला आहे. तरीही जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडताच नदीकाठच्या एकतानगरीतील घरांत पाणी शिरले. याचा अर्थ, कागदावरचे पात्र जागेवर उरलेले नाही. काठावर राडारोड्याचे भराव पडले की छेद आकसतो आणि तेवढ्याच विसर्गाला पातळी चढते. धरणाखालच्या ओढ्यांचे पाणी तर धरणातून सोडलेल्या विसर्गाच्या आकड्यात धरलेलेच नसते. शिवाय नदी फुगली की ओढ्यांना तुंब बसतो आणि पावसाळी गटारांतून पाणी उलटे वस्तीत येते. अशा गटारांच्या तोंडाशी नदीकडेच उघडणाऱ्या झडपा हव्यात. ते काम पूररेषेच्या नकाशासाठी थांबवायचे कारण नाही. भराव मात्र मोजणीआधीच उचलावा; नाहीतर नवी रेषा भरावालाच काठ मानेल.

– एक वाचक, पुणे