उपग्रहाचं चित्र छापताना त्याची तारीखही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की उजनी, जायकवाडी, कोयना या धरणांची उपग्रहातून घेतलेली चित्रं वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरू लागतात. डावीकडे निळंशार पाणी, उजवीकडे आक्रसलेला फुगवटा आणि खाली ‘उपग्रहाने टिपलं दुष्काळाचं भीषण रूप’ अशी एक ओळ. चित्र कोणत्या उपग्रहाचं, कोणत्या दिवसाचं, रंग नैसर्गिक की मुद्दाम दिलेले, याचा पत्ताच नसतो. ज्या साठ्यातून ही चित्रं येतात तो कुणालाही फुकट उघडता येतो, हेही कुठे लिहिलेलं नसतं. आमची विनंती साधी आहे. असं चित्र छापाल तेव्हा त्याखाली उपग्रहाचं नाव, तारीख, कोणते बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) वापरले ते आणि मोजपट्टी, एवढ्या चार गोष्टी द्या. त्या दिल्या की इंदापूर-करमाळ्याचा नववीतला विद्यार्थीही तेच चित्र स्वतः काढून ताडून पाहू शकतो. कसं, ते पुढे सविस्तर लिहीत आहोत.

लोणार सरोवर २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा नासाने अमेरिकेच्या लँडसॅट-८ या उपग्रहाची २५ मे आणि १० जूनची चित्रं शेजारी-शेजारी ठेवली होती. लँडसॅट-८ त्याच जागेवर दर १६ दिवसांनी येतो. म्हणजे ती त्याची लागोपाठच्या दोन फेऱ्यांतली चित्रं होती आणि बदल त्या सोळा दिवसांतला आहे हे नुसत्या तारखांवरून कळत होतं. तारखेची किंमत ती एवढी.

लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ सालचा. २००८ पासून त्याचा सगळा संग्रह विनामूल्य खुला आहे. त्याच्या आजच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचे ३० मीटर व्यापतो. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ पासून चालू आहे. त्याचे निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) हे चार बँड १० मीटरचे आहेत आणि जोडीतल्या दोन उपग्रहांमुळे दर ५ दिवसांनी चित्र मिळतं. आपल्या डोक्यावरून तो सकाळी अकराच्या सुमारास जातो. फाइलच्या नावात मात्र वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे साडेपाचच्या आसपास. त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. ते न केल्यामुळे ‘पहाटेचं चित्र’ असा मथळा पडू शकतो.

आता कृती. शोधयंत्रात ‘कोपर्निकस ब्राउझर’ टाका आणि युरोपीय अवकाश संस्थेचं पान उघडा. शोधपट्टीत गावाचं किंवा धरणाचं नाव द्या. उपग्रह निवडताना ‘सेंटिनेल-२ एल-२-ए’ घ्या. यात हवेतल्या धूसरपणाचा परिणाम काढून टाकलेला असतो. ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर आणा, कॅलेंडरमधून दिवस निवडा. ‘ट्रू कलर’ म्हणजे डोळ्यांना दिसतील तसे रंग. ‘फॉल्स कलर’मध्ये ऊस लालभडक दिसतो आणि पाणी जवळजवळ काळं. उजव्या कडेच्या साधनांतून पाण्याच्या काठाकाठाने बहुभुज काढला की क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये समोर येतं. दोन तारखांची चित्रं जतन करून एकावर एक सरकवून पाहण्याची सोयही तिथेच आहे. एवढ्याला अर्धा तास पुरतो.

हाताने काढलेली रेघ मात्र दोन माणसांची दोन तऱ्हेची येते. म्हणून मोजणी ठिपक्यांची करावी. विनामूल्य खातं उघडून त्याच पानावरून हिरवा बँड (क्रमांक ३) आणि अवरक्त बँड (क्रमांक ८) टिफ स्वरूपात उतरवून घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या विनामूल्य संगणकप्रणालीत उघडा. तिथल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (ठिपक्या-ठिपक्याचं गणित करणाऱ्या साधनात) हिरव्यातून अवरक्त वजा करा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागा. याला एनडीडब्ल्यूआय म्हणतात. निर्मळ पाणी हिरवा प्रकाश थोडा परत पाठवतं आणि अवरक्त जवळपास गिळून टाकतं. परावर्तन ६ आणि २ टक्के धरलं तर उत्तर येतं ०.५. उसाच्या पानाचं ५ आणि ४० टक्के धरलं तर उणे ०.७८. शून्याच्या वरचे ठिपके पाणी, खालचे जमीन, अशी सुरुवात करून मग काठ बघत सीमा थोडी वरखाली करावी. ठिपके मोजून एकाला १०० चौरस मीटर धरलं की क्षेत्र मिळालं.

इथे पहिला खड्डा आहे तो नकाशाच्या प्रक्षेपाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीचा. चित्र वेब मर्केटर प्रक्षेपात उतरवलंत तर १८ अक्षांशावर, म्हणजे उजनीच्या आसपास, प्रत्येक क्षेत्र सुमारे साडेदहा टक्क्यांनी फुगतं आणि नागपूरच्या २१ अक्षांशावर पावणेपंधरा टक्क्यांनी. त्यामुळे विदर्भातला तलाव आणि सोलापूरचा तलाव यांची तुलनाच चुकते. उतरवताना यूटीएम या प्रक्षेपातला विभाग ४३ उत्तर निवडा. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, विभाग ४४ घ्यावा लागतो.

दुसरा खड्डा सूत्राचा. एनडीडब्ल्यूआय याच नावाची दोन सूत्रं १९९६ साली वेगवेगळ्या संशोधकांनी मांडली. वर दिलेलं सूत्र उघड्या पाण्यासाठी आहे. दुसऱ्यात जवळचा अवरक्त आणि त्याहून लांब लहरींचा ‘लघुलहरी अवरक्त’ असे बँड असतात आणि ते पानातला ओलावा सांगतं. हे दुसरं सूत्र लावून ‘पाणी’ शोधलं तर भीमाकाठचा भिजवलेला ऊस धरणाइतकाच निळा होतो. अशा चित्रावरून दुष्काळाच्या वर्षी पाणी वाढल्याचा दावा सहज करता येईल.

तिसरा खड्डा जाणकारांनाही चकवतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फाइलमधल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. अगदी गडद ठिकाणी हवेची दुरुस्ती केल्यावर येणाऱ्या उणे किमती कापल्या जाऊ नयेत, म्हणून ही तजवीज. मूळ फाइल वापरताना आधी १००० वजा करून मग १०,००० ने भागायचं असतं. ते राहिलं तर हिरवाईचा निर्देशांक (एनडीव्हीआय), जो निरोगी उसात ०.८ च्या आसपास असतो, तो ०.५६ वर येतो. २०२१ आणि २०२३ ची तुलना करणाऱ्याला वाटतं, तालुक्याचं पीकच खालावलं. जुनी चित्रंही पुढे नव्या पद्धतीने पुन्हा तयार झाली आहेत. म्हणून नुसत्या तारखेवर विसंबू नये, सोबतच्या माहिती-फाइलमधला ‘ऑफसेट’ (मिळवलेल्या आकड्याची नोंद) पाहावा. कोपर्निकस ब्राउझर ही वजाबाकी आपणहून करतो. गूगल अर्थ इंजिन ही उपग्रहचित्रांवर गणित करण्याची सेवा वापरणाऱ्यांनी ‘हार्मोनाइज्ड’ असं लिहिलेला संग्रह घ्यावा.

काठावरचं चित्र नेहमीच संदिग्ध राहतं. चार हेक्टरच्या पाझर तलावात सेंटिनेल-२ चे ४०० ठिपके बसतात. तलाव चौकोनी धरला तरी त्यातले ७६ कडेचे, म्हणजे पाणी-माती मिसळलेले. लँडसॅटमध्ये त्याच तलावाचे जेमतेम ४४ ठिपके होतात आणि निम्मे कडेचे. ३० बाय ३० मीटरचं शेततळं म्हणजे सेंटिनेल-२ चे फक्त ९ ठिपके. त्यात ‘किती पाणी आहे’ हे या चित्रांवरून सांगू नये, ‘आहे की नाही’ एवढंच सांगावं. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ओली असेपर्यंत काळसर दिसते. जलपर्णीने झाकलेलं पाणी शेतासारखं दिसतं. पावसाळी गढूळ पाणी अवरक्त प्रकाशही परत पाठवतं. गढूळपणा असेल तर अवरक्ताऐवजी लघुलहरी अवरक्त बँड ११ घ्यावा, मात्र तो २० मीटरचा आहे हे लक्षात ठेवावं. जलपर्णीवर हा उपाय चालत नाही. तिथे जलपर्णीचा पट्टा वेगळा मोजून पाण्यात मिळवावा लागतो.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो क्षेत्र आणि साठा एक मानल्यामुळे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले साधारण ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेलं तळाचं पाणी, आणि ५३.५७ उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. ‘उजनी शून्यावर’ अशी बातमी येते तेव्हाही धरणात ६३ टीएमसीहून अधिक पाणी असतं. म्हणूनच पुढे ‘उणे २० टक्के’, ‘उणे ४० टक्के’ असे आकडे येतात. शून्य टक्क्यांच्या दिवशी उपग्रहचित्रात विस्तीर्ण पाणी दिसलं म्हणून सरकारी आकडा खोटा ठरत नाही, आणि आकडा शून्य म्हणून चित्रही खोटं नसतं. क्षेत्रावरून साठा काढायचा तर त्या धरणाचा क्षेत्रफळ-साठा तक्ता, म्हणजे किती क्षेत्राला किती साठा हे सांगणारा तक्ता, लागतो.

काही जण तो तक्ता अमेरिकेच्या शटल रडार मोहिमेच्या उंचीच्या आकड्यांवरून बनवू पाहतात. ते जमत नाही. ती मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे आणि रडारला तेव्हा पाण्याचा पृष्ठभागच दिसला. त्या आकड्यांत उजनीचा तळ नाही, त्या महिन्यातल्या पाण्याची सपाट पाटी आहे.

जून ते सप्टेंबर ही सगळी प्रकाशचित्रं ढगांखाली जातात. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार वापरावं. ते ढगांतूनही पाहतं आणि रात्रीही. संथ पाण्यावर पडलेली रडारलहर पुढे परावर्तित होऊन निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पण वाऱ्याने लाटा उठल्या की तेच पाणी उजळतं, आणि सह्याद्रीतल्या कड्यांची रडारसावली पाण्यासारखी काळी येते. पुराच्या नकाशात तर आणखी एक गोष्ट घडते. उभ्या उसात पाणी शिरलं की लहर आधी पाण्यावर आणि मग खोडावर आपटून परत फिरते आणि ते शेत काळं होण्याऐवजी अधिक पांढरं होऊ शकतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठी फक्त काळे ठिपके मोजले तर बुडालेला ऊस हिशेबातून सुटतो. नुकसानभरपाईच्या चर्चेत असा नकाशा पुढे आला तर पुराआधीचं चित्र शेजारी ठेवून काळवंडलेली आणि उजळलेली, दोन्ही शेतं तपासायला हवीत.

पावसासाठी पुण्याच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत मोफत मिळतो. एक चौकट सुमारे २७ किलोमीटरची. महाबळेश्वरचा धो-धो पाऊस आणि घाट उतरल्यावर वाईचा तुटपुंजा पाऊस इतक्या मोठ्या चौकटींत मिसळून जातो, त्यामुळे गावाचा पाऊस म्हणून तो आकडा वापरू नये. फाइलमध्ये माहिती नसलेल्या जागी उणे ९९९ असतं, ते सरासरीआधी वगळावं. आणि ज्या तारखेचा पाऊस लिहिलेला असतो तो त्या दिवशी सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. आदल्या दुपारी कोसळलेली सर पुढच्या तारखेत सापडते.

आपल्या देशाचीही दारं उघडी आहेत. भारतीय अवकाश धोरण २०२३ नुसार ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रांचा संग्रह खुला करायचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांची चित्रं नोंदणी करून मिळतात. त्यातली लिस-४ या कॅमेऱ्याची ५.८ मीटरची चित्रं लहान तलावांना सेंटिनेलपेक्षा सोयीची, पण त्या कॅमेऱ्यात लघुलहरी अवरक्त बँड नसल्याने गढूळ पाण्यात ती अडतात. आकाशाकडे वळायचं असेल तर इस्रोच्या ‘प्रदान’ पानावर चांद्रयान-२, आदित्य-एल१ यांच्या मूळ फाइली आहेत. चंद्राच्या ध्रुवाजवळ ऊन फार तिरपं पडतं. ते कोणत्या बाजूने आलं हे फाइलच्या नोंदीत पाहिल्याशिवाय विवर आणि टेकडी यांची हमखास गल्लत होते.

जलसंपदा विभागाकडे आमची एकच मागणी आहे. मोठ्या आणि मध्यम प्रकल्पांचे क्षेत्रफळ-साठा तक्ते, शेवटच्या गाळ-सर्वेक्षणाच्या वर्षासह, सरळ उतरवता येतील अशा एक्सेल फाइलींत द्यावेत, नुसत्या स्कॅन केलेल्या पानांत नकोत. आणि आपल्याकडे, संपादक महोदय, चित्राखालच्या एका ओळीची. उदाहरणार्थ : ‘सेंटिनेल-२, अमुक तारीख, सकाळी ११, बँड ८-४-३, लाल म्हणजे वनस्पती, मोजपट्टी ५ किलोमीटर.’

आपले,
भूगोल आणि दूरसंवेदन विषयाचे काही शिक्षक,
सोलापूर