यवतेश्वरच्या घाटातला सोमवार

बर्लिन,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप दादा व सौ. वहिनी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा फोन येऊन आज आठ दिवस झाले. चिरंजीवाला दोनशे सीसीची गाडी घ्यायची आहे, निम्मे पैसे तू पाठव, असे तुम्ही म्हणालात आणि मी "बघतो" एवढेच बोलून विषय बदलला. त्याच रात्री त्याने मला मोठ्या कौतुकाने एक व्हिडिओ पाठवला. हँडलला बांधलेला मोबाईल, खाली मीटरवर ९४चा आकडा, वाऱ्याचा घोंघाट आणि शेजारच्या गाडीवरून कोणीतरी "ओढ, ओढ" असे ओरडत असलेले. रस्ता कोणता हे त्याने लिहिले नव्हते, पण मला ते विचारावे लागले नाही. ज्या वळणावर खाली सातारा आणि समोर अजिंक्यतारा एकदम दिसू लागतो, ते यवतेश्वरच्या घाटातले वळण मी गेली एकतीस वर्षे विसरू शकलेलो नाही.

पैसे मी पाठवणार नाही. मात्र त्याचे खरे कारण सांगायचे, तर जी गोष्ट मी तुमच्यापासून, आईपासून आणि शेवटपर्यंत बाबांपासूनही लपवली, ती आधी सांगितली पाहिजे. फोनवर मी ती अर्धवट सोडून दिली असती, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुम्ही एकदा एकट्याने वाचा, मग वहिनींना आणि चिरंजीवालाही वाचायला द्या.

१९९४च्या श्रावणातला तो सोमवार तुम्हाला आठवत असेल. यवतेश्वराच्या दर्शनाला जातो असे आईला सांगून मी पहाटे तुमची यामाहा आरएक्स १०० घेऊन निघालो होतो. पहिल्या वर्षभराच्या पगारातून तुम्ही ती घेतली होती आणि मंगळवार तळ्याजवळच्या आपल्या घरासमोर रोज स्वतःच्या हाताने पुसत होता. आम्ही तिघे होतो, गाड्याही तीन होत्या. आम्ही देवळात गेलो, दर्शन घेतले, हे खरे आहे. पण दर्शन हे निमित्त होते. यवतेश्वरपासून खाली समर्थ मंदिरापर्यंत आधी कोण पोहोचतो अशी आमची पैज लागली होती आणि हरणाऱ्याने मोती चौकात मिसळ द्यायची होती. त्या उन्हाळ्यात अशा शर्यती आम्ही सात-आठ वेळा लावल्या होत्या. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी मी वाटेत काढून ठेवायचो आणि घरी येण्याआधी पुन्हा बसवायचो. तुम्हाला कधी शंका आली नाही, कारण तुमचा माझ्यावर विश्वास होता.

त्या सकाळी रस्ता ओला होता, घाटात धुके उतरले होते आणि डोंगराकडची माती पावसाने वाहून डांबरावर आली होती. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. मी पुढे होतो. चिमणपुऱ्यातला माझा मित्र माझ्या मागे वीस-पंचवीस मीटरवर होता आणि तिसरा बराच मागे राहिला होता. वळण संपता संपता मला पुढे एक सायकल दिसली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून एक दूधवाले साताऱ्याकडे उतरत होते, अगदी आपल्या कडेने, ब्रेक धरून, सावकाश. मला वेग कमी करता आला असता. मी तो केला नाही, कारण मागच्या गाडीचा आवाज जवळ येत होता. मी त्यांच्या इतक्या जवळून गाडी काढली की माझा कोपर त्यांच्या बाहीला घासला.

पुढचे मी आरशात पाहिले. ते दचकले, हँडल डगमगले, किटल्यांचे वजन एका बाजूला कलंडले आणि सायकल रस्त्याच्या मध्यावर आली. नेमक्या त्याच क्षणी माझा मित्र तिथे पोहोचला. त्याने सायकल चुकवायला गाडी वळवली, तरीही तिचा धक्का सायकलला बसलाच. मातीवरून त्याचे चाक सरकले आणि त्याचे डोके कठड्याच्या दगडावर आपटले. मी थांबून परत धावत आलो, तेव्हा रस्त्यावरून दूध उताराने वाहत होते आणि त्याच्या कानातून येणारे रक्त त्यात मिसळत होते. दूधवाले बसल्या जागी आपला गुडघा दोन्ही हातांनी धरून होते. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "पोरगं जिवंत हाय का?"

नंतर सर्वांना जे सांगितले गेले ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही दर्शन घेऊन सावकाश येत होतो आणि सायकल अचानक मध्ये आली. हे मी पोलिसांना सांगितले, त्याच्या वडिलांना सांगितले, तुम्हालाही सांगितले. आमच्या तिसऱ्या मित्राने मान डोलावली. सायकल मध्ये आली हे खोटे नव्हते, म्हणूनच ते सांगणे मला सोपे गेले. ती कोणामुळे आली हे मी गाळले. दादा, इस्पितळाच्या आवारात तुम्ही त्या दूधवाल्यांना, पायाला लाकडी पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत, "एवढ्या उतारावर सायकल कशाला चालवता, तुमच्यामुळे एका तरुण मुलाचा जीव चालला आहे," असे बोललात. त्यांनी मान खाली घातली. मी तुमच्या मागे उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मला ओळखले, याविषयी मला शंका नाही. तरीही ते काही बोलले नाहीत. शिकलेल्या घरच्या तीन पोरांच्या सांगण्यापुढे आपले कोण ऐकणार, असे त्यांना वाटले असावे.

मित्राला पुण्याला हलवले, महिनाभर तो शुद्धीवर नव्हता, हे सगळे तुम्ही पाहिले आहे. आज तो दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, उजव्या हाताने पेन धरू शकत नाही, एक वाक्य पूर्ण करायला त्याला वेळ लागतो. मेंदूला असा मार बसला की त्या वेळची आठवण बहुधा पुसलीच जाते. त्याचीही पुसली गेली. त्याला त्या सकाळचे काहीच आठवत नाही. म्हणून आम्ही जे सांगितले तेच त्याला माहीत आहे. मी सुट्टीवर आलो की तो मला जवळ बसवून घेतो आणि नव्या गिऱ्हाईकाला हाताकडे बोट दाखवून सांगतो, "सायकल… मध्ये आली." प्रत्येक वेळी मी शेजारी बसून ऐकतो.

इथे माझे काम रेल्वेच्या ब्रेकांच्या चाचणीचे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोखंडी डब्यांचे वजन, वेग, उतार आणि रुळांवरचे पाणी यांवरून गाडी किती अंतरात थांबेल याचा हिशेब करण्यात माझी वीस वर्षे गेली आणि हे काम शिकल्यानंतर मी सर्वांत पहिला हिशेब त्या सकाळचा केला. आमचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. माणसाला धोका दिसून हात-पाय ब्रेकवर पोहोचायलाच साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर तरी हवेत, उतार धरला तर त्याहून जास्त. एकूण ५० मीटरपेक्षा अधिक अंतर लागणार होते आणि मित्राजवळ वीस-पंचवीस मीटर होते. त्याची चूक होती की नाही, तो पट्टीचा चालवणारा होता की नाही, याला काही अर्थच उरला नव्हता. मी दूधवाल्यांना घासून गेलो त्याच क्षणी सगळे ठरले होते. त्या काळच्या टू-स्ट्रोक गाडीला उतारावर इंजिन फारसे रोखून धरत नसे, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि घाटभर दाबून ते तापलेले होते. आम्हाला यातले काहीही माहीत नव्हते. गाडी ओढते किती, एवढेच आम्ही विचारत होतो. थांबते किती अंतरात, हे आमच्यापैकी कोणी एकदाही विचारले नाही.

चिरंजीवाच्या ९४चा हिशेबही मी केला आहे आणि तो त्याने शांतपणे वाचावा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ९४च्या वेगाने तो सेकंदाला २६ मीटर जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत त्याला ७५ मीटर लागतील, ओल्या रस्त्यावर ११० मीटरच्या पुढे. ज्या वळणावर त्याने ते चित्रण केले, तिथे पुढचे ७५ मीटर दिसतच नाहीत. आमच्या वेळी त्या घाटात पहाटे चिटपाखरू नसायचे. आता २०१२ साली कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून फुलांच्या दिवसांत तो रस्ता भरून वाहतो आणि एरवीही पहाटे धावायला, चालायला येणारी माणसे तिथे असतात. व्हिडिओत एकोणिसाव्या सेकंदाला कडेने चाललेली दोन माणसे दिसतात. ती त्याला दिसली होती का, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचे आहे.

हे सगळे मी इतक्या उशिरा का लिहितो आहे, तेही सांगतो. १ फेब्रुवारी २०१६च्या मध्यरात्रीनंतर या शहरातल्या कुर्फ्युर्स्टेनडाम या मोठ्या हमरस्त्यावर दोन तरुणांनी गाड्यांची शर्यत लावली. लाल दिव्यांना न जुमानता दोघे निघाले आणि हिरव्या दिव्यावर जीप घेऊन चौकात आलेल्या ६९ वर्षांच्या एका गृहस्थांना एकाच्या गाडीने ताशी १६०च्या सुमाराच्या वेगाने धडक दिली. ते जागीच गेले. न्यायालयाने २०१७ साली दोघांनाही खुनासाठी जन्मठेप दिली. जर्मनीत अशा शर्यतीसाठी असे प्रथमच घडले. त्यानंतर वरच्या न्यायालयात अनेक वर्षे खल झाला. धडक देणाऱ्याची शिक्षा २०२० साली कायम झाली. दुसऱ्याची गाडी त्या जीपला लागलीही नव्हती. तरी २०२१ साली त्याला खुनाच्या प्रयत्नासाठी १३ वर्षांची शिक्षा झाली. मी ती बातमी रेल्वेत उभ्याने वाचली आणि माझे उतरायचे स्थानक मागे गेले. जो शर्यतीत होता, पण ज्याच्या गाडीने धडक दिली नव्हती, त्या माणसाविषयी मी वाचत होतो आणि घाटातल्या त्या सकाळी तो मी होतो. याच घटनेनंतर इथल्या कायद्यात २०१७ साली रस्त्यावरच्या शर्यतीसाठी वेगळे कलम आले. एकट्यानेच, कोणाशी पैज न लावता, गाडी शक्य तितकी पळवण्यासाठी बेफामपणे हाकली, तरी ती शर्यतच धरतात.

आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाने रस्त्यावरची शर्यत गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तुम्ही वाचायला हवे ते १९९अ. अठरा वर्षांखालील मुलाने गुन्हा केला तर पालक आणि गाडीचा मालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. चिरंजीवाला अठरा पूर्ण व्हायला अजून पाच महिने आहेत आणि व्हिडिओतली गाडी तुमच्या नावावर आहे. किल्ली आजच तुमच्याकडे घ्या, ही माझी हात जोडून विनंती आहे.

त्याला वेगाची आवड आहे, हे मी समजू शकतो. ती आवड मला होती आणि आजही ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परवाना मिळाल्यावर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई किंवा कोइमतूर इथल्या ट्रॅकवर तो शिकायला जाणार असेल, तर प्रवासाचा, प्रशिक्षणाचा, चांगल्या हेल्मेटचा आणि चामड्याच्या पोशाखाचा सगळा खर्च मी करेन. तिथे समोरून कोणी येत नाही, घसरलेल्या गाडीला सरकायला मोकळी जागा असते, झेंडा दाखवणारी माणसे आणि डॉक्टर हजर असतात. मुख्य म्हणजे आपल्या कडेने घरी चाललेला कोणी तिथे नसतो. त्याला खरोखर पळवायचे असेल तर तो जाईल. मित्रांना दाखवण्यापुरतेच पळवायचे असेल, तर तेही त्याला तिथे कळेल.

मी २० डिसेंबरला येत आहे. तोपर्यंत यवतेश्वरमध्ये त्या दूधवाल्यांच्या घराची चौकशी करून ठेवा. ते त्या वेळी पन्नाशीचे असतील, म्हणजे आज ऐंशी ओलांडलेले. त्यानंतर त्यांनी दुधाची फेरी केली की नाही, गुडघा बरा झाला की नाही, यातले काहीच मी कधी विचारले नाही. कृपा करून माझ्या आधी कोणाला पाठवू नका आणि पैशांचे तर मुळीच बोलू नका. तुम्ही इस्पितळात जे बोललात ते माझ्या खोट्यावर विसंबून बोललात, हे मी त्यांना तुमच्यासमोर सांगेन. ते हयात नसतील तर घरात जो कोणी असेल त्याला सांगेन.

चिमणपुऱ्यात मात्र मी एकटाच जाईन. तोपर्यंत त्याच्या कानावर काही जाऊ देऊ नका. त्याने हे माझ्याच तोंडून ऐकायला हवे. त्यानंतर त्याने मला दारात उभे केले नाही, तर ते मला मान्य आहे.

यवतेश्वरला आपण तिघे जाऊ. समर्थ मंदिरापासून चालत वर चढू, म्हणजे चिरंजीवाला तो कठडा जवळून पाहता येईल. वहिनींना आणि आईला नमस्कार.

आपला,
धाकटा