गौडाकडे जाऊन आलो

शहापूर, बेळगाव
12 ऑक्टोबर 2025

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

पोस्टाचं पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा दुखतोय, पण ते नेहमीचंच. फोन सोडून पत्र लिहायला बसलोय, कारण मला तुला एक गोष्ट शेवटपर्यंत सांगायची आहे. फोनवर गौडाचं नाव निघालं की तू विषय बदलतोस. कागद मध्येच थांबवता येत नाही.

अमेरिकेहून येऊन आम्हाला तीन आठवडे झाले. लेकीकडे एडिसनला दोन महिने होतो, ते तुला माहीत आहे. त्यातले दहा दिवस गाडीनं हिंडलो. लेक म्हणत होती, विमानानं जाऊ, दोन-अडीच तासांत शिकागो. मी ऐकलं नाही. पिट्सबर्गला मावसभाऊ, ओहायोत गौडा आणि शिकागोला आत्या, ही तीन घरं मला वाटेवरची घरं म्हणून बघायची होती. आपण निपाणीहून संकेश्वर, तिथून हुक्केरी असं पाहुण्यांकडे उतरत उतरत जायचो ना, तसं. जावई गाडी चालवायला तयार झाला आणि प्रश्न मिटला.

न्यायचं काय, यावर घरात आठ दिवस चर्चा. कुंदा न्यायची माझी फार इच्छा होती, पण दुधाचे पदार्थ विमानतळावर अडवतात म्हणून लेकीनं आधीच बजावलं होतं. शेवटी मेतकूट, शेंगाचटणी, आत्यासाठी इरकलीचं एक लुगडं आणि गौडासाठी गोकाकचा करदंट दोन किलो. तो करदंट बॅगेत ठेवताना तुझी आठवण झाली. गौडाचे वडील बैलहोंगलच्या जत्रेहून येताना आणायचे आणि आपल्या तिघांना कट्ट्यावर वाटून द्यायचे. तुला डिंकाचा तुकडा जास्त लागायचा.

पेनसिल्व्हेनियाचा टोल रस्ता डोंगरातून जातो. हा रस्ता 1940 साली सुरू झाला. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, तिथं रेल्वे न्यायची म्हणून डोंगर पोखरायला घेतले होते, ते काम अर्धवट सुटलं, आणि त्यातले काही बोगदे पुढे या रस्त्याला लागले. वाटेत एकूण चार बोगदे लागतात. टोलनाक्यावर माणूस नाही, थांबायचं नाही, गाडीच्या नंबराचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं. डोंगर बघून मला चोर्ला घाट आठवत होता. हिरवा तसाच, पण पाण्याचा आवाज नाही. आपल्याकडे श्रावणात घाटात गाडी थांबवली की दहा ठिकाणांहून पाणी पडताना ऐकू येतं.

पिट्सबर्गला एकच रात्र राहिलो. मावसभावानं टेकडीवरचं बालाजीचं देऊळ दाखवलं. 1970च्या दशकात, तिथल्या आपल्या लोकांची संख्या अगदी थोडी असताना ते बांधलं. प्रसादाला चिंचेचा भात होता. भाऊ आता थकलाय, पण जेवताना आजोळच्या विहिरीचं नाव काढलं आणि दोघंही रात्री एकपर्यंत जागे राहिलो.

दुसऱ्या दिवशी ओहायोत शिरलो. डोंगर संपले आणि नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. बाळ्या, येळ्ळूरच्या शिवारात वाढलेल्या माणसाला ते बघून आनंद व्हायला हवा, पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, बांध नाहीत. बांध नाही म्हणून बांधावरचं आंब्याचं झाड नाही, झाडाखाली ठेवलेली घागर नाही, डोक्यावर बुट्टी घेऊन येणारी बाई नाही. मैलभर शेत आणि त्यात एक माणूस दिसत नाही.

टोल रस्ता सोडून पेट्रोल पंपावर थांबलो, तर मागचं चाक बसलेलं. गाडी भाड्याची होती. डिकी उघडली तर जादा चाकच नाही. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला, ते म्हणाले माणूस पाठवतो, तीन-चार तास लागतील. ऊन तापलं होतं. तुझी वहिनी गुडघा धरून कट्ट्यावर बसली. जावयाचा चेहरा उतरला, जणू त्याचीच चूक. मी गौडाला फोन लावला, उशीर होईल एवढंच सांगायला. त्यानं फक्त विचारलं, "कुठल्या पंपावर?" आणि फोन ठेवला.

पाऊण तासात त्याची गाडी आली. दार उघडून उतरला. केस पूर्ण पांढरे, पोट थोडं सुटलेलं, पण चाल तीच, डावा खांदा जरा पुढं काढून. सोळा वर्षांनी बघत होतो त्याला, त्याचे वडील गेले तेव्हा आला होता त्यानंतर. मी काही बोलायच्या आत तिथूनच ओरडला,

"काय गा, हितं काय करूलास?"

मला रडू आलं, बाळ्या. तू म्हणशील यात रडण्यासारखं काय. पण विचार कर. घरी कन्नड बोलणारा माणूस, 1994 साली देश सोडून गेलेला, मराठी बोलायला आसपास कोणी नाही, आणि त्याच्या तोंडात आपल्या गल्लीचं मराठी जसंच्या तसं. आपण बदललो. तू कोल्हापूरला जाऊन 'करायलायस' म्हणायला लागलास, मी टीव्हीवरचं बोलायला लागलो, माझी लेक तर पुण्याचं बोलते. त्याचं मात्र 'जेवूलो', 'बसूलो', 'व्हय की' सगळं शाबूत. ते बदलायला त्याच्याभोवती कोणी नव्हतंच. आपलं 1980 सालचं बोलणं त्यानं ओहायोत जपून ठेवलंय.

वहिनीला आणि लेकीला त्यानं आपल्या गाडीत घेतलं, जावयाला सोबत म्हणून मी मागं थांबलो. चाक येईपर्यंत संध्याकाळ झाली. त्याच्या घरी पोचलो तर ताटं मांडलेली. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, म्हणजे त्यांची एण्णेगायी, शेंगाचटणी, दही आणि चिरलेला कांदा. त्याची बायको धारवाडकडची. ती माझ्याशी कन्नडमध्ये बोलायची, मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये उत्तर द्यायचो, गौडा माझ्याशी मराठीत आणि पोरं सगळ्यांशी इंग्रजीत. पोरांना कन्नड कळतं, पण बोलत नाहीत. त्याला ते लागतं. त्यानं तसं म्हटलं नाही, पण थोरल्यानं आईच्या प्रश्नाला तिसऱ्यांदा इंग्रजीत उत्तर दिलं, तेव्हा गौडानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ठेवला होता, तो मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला जवळच्या आमिश लोकांच्या वस्तीत घेऊन गेला. हे लोक अठराव्या शतकात युरोपातून आले. घोड्याची बग्गी चालवतात, मागं नारिंगी त्रिकोण लावलेला असतो, म्हणजे मोटारवाल्याला लांबून दिसावं. घरात बाहेरच्या तारेवरची वीज घेत नाहीत. मुलं आठवीपर्यंतच शाळेत जातात. त्यावरून खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1972 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आठवीनंतर शाळा बंद हे मला पटत नाही, मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही. तसं मी गौडाला म्हटलंही. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. आम्ही एका दुकानात मध घ्यायला थांबलो होतो. काळ्या टोपीतली एक आई काउंटरवर आमच्याशी इंग्रजीत बोलत होती आणि खाली पायाशी खेळणाऱ्या पोराशी त्यांच्या घरच्या जर्मन बोलीत. पोरानं तिला त्याच बोलीत काहीतरी विचारलं, तिनं न बघता उत्तर दिलं, इकडं आमचे सुटे पैसे मोजून दिले. गौडा हळूच म्हणाला, "जवळजवळ तीनशे वर्षं झाली गा. घरात बोलतात, तेवढंच. त्याला ना बोर्ड, ना मोर्चा."

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

त्या रात्री आम्ही दोघंच मागच्या अंगणात बसलो होतो. काजवे होते. मोर्चाचा शब्द त्यानंच काढला होता, मग 1986 चा जून निघाला. मी काढला नाही, तूच समज. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, हिंडलग्याचा गोळीबार, शहरभर संचारबंदी, तुझ्या दादाच्या पाठीवर लाठीचे वळ. आपण दहावी होऊन नुकतेच मोकळे झालो होतो. कट्ट्यावर गौडा जे बोलला, ते मीही ऐकलं होतं. ते वाईटच होतं. तू उठून गेलास आणि त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी दोघांशी बोलत राहिलो, पण दोघांना एकत्र बसवायचा प्रयत्न कधी केला नाही. ही माझी चूक. आज मोकळेपणानं कबूल करतो.

गौडा म्हणाला, "ते माझे शब्द नव्हते. काका घरात रोज बोलायचा, तेच तोंडातून गेलं. दादाला मार बसलाय हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. कळलं त्या रात्री झोप लागली नाही."

आणि मग त्यानं जे सांगितलं, ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. संचारबंदी उठल्यावर तो तुझ्या घरी आला होता. एकटाच. काकूंनी दार उघडलं. म्हणाल्या, "बाळू झोपलाय, बस." तो पायरीवर बसला. काकूंनी त्याला तांब्या-भांडं आणि एक गूळपोळी दिली. तासभर बसला. मग त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज जा पोरा. परत ये." तो उठला आणि परत आलाच नाही. पुढे हुबळीला शिकायला गेला, मग तिकडं.

"काकूंनी परत ये म्हटलं होतं, मी गेलो नाही," हे त्यानं मला दोनदा सांगितलं. काकू गेल्याचं त्याला मी 2009 मध्ये सांगितलं होतं, तेव्हा तो गप्प का झाला होता, ते मला आत्ता समजलं.

त्या तासात तू आत झोपला होतास की जागा होतास, ते तुझं तुला ठाऊक. मी विचारत नाही.

पुढचं थोडक्यात. ओहायो ओलांडून इंडियानात पडलो, तिथं एका जिल्ह्याच्या हद्दीवर घड्याळ एक तास मागं जातं. जावयाच्या मोबाइलवर वेळ आपोआप बदलली आणि तुझी वहिनी हातातल्या घड्याळाचा काटा फिरवत म्हणाली, "हद्द ओलांडली म्हणून एक तास मिळाला, बरं झालं." शिकागोला आत्या 90 च्या पुढची. नवऱ्याबरोबर 1971 ला गेली. लुगडं मांडीवर घेऊन हात फिरवत बसली आणि विचारलं, "कपिलेश्वरच्या गेटाला अजून तेवढंच थांबावं लागतं?" म्हटलं, आत्या, आता तिथं उड्डाणपूल झाला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग देवाला खालूनच जात असतील." मी हो म्हटलं. मिशिगनचं तळं समुद्राएवढं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटाही येतात, पण खारा वास नाही. त्याच्या काठावर तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. बस्स.

आता मुद्दा. गौडा 14 डिसेंबरला येतोय. पंधरा दिवस राहील. सुवर्ण विधानसौधचं अधिवेशन त्याच सुमारास असतं आणि तेव्हा गावात लॉज मिळणं मुश्कील, म्हणून मी त्याला आपल्याच घरी उतरायला सांगितलंय. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. बायको-पोरं येणार नाहीत, एकटाच येतोय.

त्यानं तुझ्यासाठी निरोप दिलेला नाही. मी विचारलं होतं, काय सांगू बाळ्याला? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "काही सांगू नको. त्याला वाटलं तर येईल." पण निघताना, आम्ही गाडीत बसलो होतो, काच खाली करायला लावून एवढंच विचारलं, "त्यांच्या दाराशी ती पायरी हाय काय अजून?"

मला सांगता आलं नाही. तू घर भाड्यानं दिल्यापासून मी त्या बोळात गेलो नव्हतो. परवा मुद्दाम गेलो. पुढची पडवी भाडेकरूंनी बंद करून घेतली आहे, पण पायरी आहे. मधोमध झिजलेली, पावसाचं पाणी साचलेलं.

21 डिसेंबर रविवार आहे. कोल्हापूरहून सकाळच्या एस.टी.नं निघालास तर अकरापर्यंत पोचशील. वहिनी गूळपोळ्या करणार आहे. मी मध्यवर्ती स्टँडवर घ्यायला येतो. यायचं नसेल तर तसं कळव, मी रागावणार नाही. पण कळव.

तुझा,
बंड्या