आमची आठ मिनिटं चाळीस सेकंद: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १४ वाहतूक नियंत्रक म्हणून. केबिनमध्ये बसायचं, कोणती गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली ते लिहायचं आणि माईकवरून ओरडायचं. एसटीवाल्यानं वेळेवर बोलावं याचं आपल्याला हसू येईल. येऊ द्या. आमच्या गाड्या उशिरा सुटायच्या, पण किती उशिरा ते कागदावर असायचं. सव्वासातची गाडी सात पन्नासला गेली तर ३५ मिनिटं लेट, खाली सही. कुणी विचारलं तर उत्तर द्यावं लागायचं, आणि विचारायचे.

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, डाव्या बगलेवरून खेळते. गेल्या गुरुवारी तिच्या कॉलेजचा आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता, आमच्या जिल्ह्याबाहेर. स्पर्धा कुणी भरवली, मैदान कुठलं, हे लिहीत नाही. मुलीला अजून दीड वर्ष त्याच लोकांसमोर खेळायचं आहे.

फुटबॉलचा सातवा नियम सांगतो, ४५ मिनिटांचे दोन डाव. स्पर्धेच्या परिपत्रकात होतं ३५-३५. सकाळी आठला मैदानावर कळलं, ३०-३०. प्रमुख पाहुणे साडेनऊला येणार होते ते पावणेबाराला आले (आपण नव्हे साहेब, घाबरू नका), त्यांनी दोन्ही संघांशी हस्तांदोलन केलं, खेळातून चारित्र्य कसं घडतं यावर २२ मिनिटं बोलले, आणि नारळ फुटेपर्यंत सामना २५-२५ चा झाला होता. त्याच सातव्या नियमात असंही आहे की वेळ कमी करायची तर सामन्याआधी रेफरी आणि दोन्ही संघ यांचं एकमत हवं, आणि स्पर्धेच्या नियमांत ते बसायला हवं. मी कॅप्टन पोरीला विचारलं, तुम्हाला विचारलं होतं का? ती म्हणाली, "काका, सांगितलं. विचारलं नाही."

पहिल्या डावात आमच्यावर एक गोल झाला. तो बरोबर होता, त्याबद्दल तक्रार नाही.

दुसऱ्या डावाची शिट्टी झाली तेव्हा मी मोबाईलवर टाइमर लावला. जुनी सवय. सहाव्या मिनिटाला चेंडू कंपाउंडवरून पलीकडच्या उसात गेला. फायनलला चेंडू किती? एक. दुसरा होता, तो पहिल्याच सामन्यात बसला होता आणि पंपाची सुई सापडत नव्हती. दोन पोरं भिंतीवरून उसात उतरली. बावीस मुली कमरेवर हात ठेवून भिंतीकडं बघत उभ्या. तिकडून ऊस हलायचा, "हितं न्हाई", "फुडं बघ रं" असं ऐकू यायचं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. रेफरीचं घड्याळ थांबलं का? त्यांच्या हातात घड्याळच नव्हतं. मोबाईल होता, तोही खिशात.

पुढं समोरच्या गोलकीपरला दोनदा पायात गोळा आला. पोरगीला मी दोष देत नाही. तिच्या जागी आमची असती तर आमच्या सरांनीच तिला खाली बसायला लावलं असतं. सव्वातीन मिनिटं. दोन बदली खेळाडू आणि एक पिवळं कार्ड, पंचावन्न सेकंद. बेरीज सहा मिनिटं पन्नास.

शेवटी आम्हाला कॉर्नर मिळाला. कोपऱ्यात निशाणाऐवजी बांबू होता. लेकीनं चेंडू बांबूजवळ ठेवला, हातानं फिरवून नीट केला, दोन पावलं मागं आली, हात वर केला. मंडपातून स्पीकर खरखरला, "सर्वांनी बक्षीस समारंभासाठी..." आणि शिट्टी वाजली. लांब, तीनदा. मोबाईल दाखवत होता २३ मिनिटं १० सेकंद.

म्हणजे गेलेली वेळ भरून द्यायची राहिली बाजूलाच, ठरलेल्यातलीसुद्धा एक मिनिट पन्नास सेकंद कापली. एकूण आठ मिनिटं चाळीस. पंचवीस मिनिटांच्या डावात प्रत्यक्ष खेळ झाला सोळा मिनिटं आणि वर काही सेकंद. मुलीचा हात अजून वरच होता.

आपल्या कार्यालयातलं कुणी म्हणेल, असं जगभर होतं. होतं की. १९७८ च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलच्या झिकोनं स्वीडनविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला आणि रेफरी क्लाइव्ह थॉमस म्हणाले, चेंडू हवेत असतानाच मी शिट्टी दिली. पण कॉर्नर मारू तरी दिला होता ना? जानेवारी २०२२ मध्ये आफ्रिका कपात ट्युनिशिया आणि मालीचा सामना जॅनी सिकाझवे या रेफरीनं आधी ८५ व्या मिनिटाला संपवला, खेळ परत सुरू केला आणि पुन्हा नव्वद व्हायच्या काही सेकंद आधी संपवला. जगभर बोभाटा झाला. नंतर कळलं, माणसाला ऊन लागलं होतं, दवाखान्यात न्यावं लागलं. आमच्या रेफरीसाहेबांना ऊन लागलं नव्हतं. पाहुण्यांना दीड वाजता दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं.

मी तांत्रिक समितीच्या टेबलाकडं गेलो. टेबल म्हणजे जिथं नाश्त्याची कुपनं वाटत होते तेच. म्हणाले, तक्रार पालकांची चालत नाही, संघव्यवस्थापकाची लागते, अर्ध्या तासात, लेखी, दोन हजार रुपये भरून, आणि निर्णय विरुद्ध गेला तर पैसे बुडीत. आमचे सर माझ्याकडं बघून नुसते हसले. त्यांनाही तिथं दर वर्षी जायचं असतं. मी मोबाईल पुढं केला तर एक गृहस्थ म्हणाले, "काका, फुटबॉलमध्ये टाइम रेफरीच्या मनात असतो."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होतो, आणि खरं सांगतो, रात्री झोप लागली नाही. माझं बी.पी. आधीच वर असतं. मुलगी गाडीत एक शब्द बोलली नाही. शिनगार्ड काढले नव्हते, मोज्यात तसेच. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय झालं गं, तर म्हणाली, "टाइम झाला." ३१ वर्षं मी लोकांना सांगत आलो की गाडीचा टाइम झाला. त्या दिवशी पहिल्यांदा ते दोन शब्द माझ्या कानाला टोचले.

आणि हे पोरीबाळींच्या हौसेचं प्रकरण नाही साहेब. हरलेल्या आणि जिंकलेल्या संघात फरक पडतो. विद्यापीठाचा संघ निवडताना निवड समितीची नजर आधी विजेत्या कॉलेजकडं जाते. विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येतं, तिथून पुढची प्रमाणपत्रं, आणि त्या प्रमाणपत्रांवर आपल्याच सरकारचं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण उभं आहे. नोकरीच्या वेळी आपलं खातं प्रमाणपत्राची पडताळणी करतं, सही तपासतं, शिक्का तपासतं, स्पर्धेची तारीख तपासतं. ज्या सामन्यावरून ते प्रमाणपत्र निघालं तो किती मिनिटांचा झाला, हे कोण तपासतं?

माझ्या साडूची मुलगी अमेरिकेत ओहायोत शिकते. तिनं एकदा त्यांच्या कॉलेजचा सामना व्हिडिओ कॉलवर दाखवला होता. तिथल्या कॉलेज फुटबॉलचे, त्यांच्या भाषेत सॉकरचे, नियम वेगळे आहेत. फलकावर घड्याळ ४५ वरून उलटं उतरतं, शून्याकडं. मैदानाबाहेर टेबलावर वेळ ठेवणारा स्वतंत्र माणूस. गोल झाला, पेनल्टी मिळाली, कार्ड निघालं की घड्याळ थांबतं. कुणाला लागलं तर रेफरी डोक्यावर दोन्ही मनगटांची फुली करतो की थांबतं. शेवटची दहा सेकंद मोठ्यानं मोजतात आणि शून्याला भोंगा. भोंग्याआधी चेंडू पूर्ण रेषेपार गेला तर गोल, नाहीतर नाही. रेफरीच्या मनात काय आहे याची कुणाला पंचाईत नाही.

तिकडंही त्यावरून वाद आहेतच. कित्येकांना वाटतं, जग एका रीतीनं खेळतं आणि आमची कॉलेजं दुसऱ्या, हे काय? त्यांच्या व्यावसायिक लीगनं १९९६ मध्ये उलट्या घड्याळानंच सुरुवात केली होती आणि २००० पासून ते सोडून दिलं. उलट्या घड्याळात खोटही आहे. आघाडीवरच्या संघाला नेमकं कळतं की चाळीस सेकंद उरलीत. मग कोपऱ्यात चेंडू अडवून उभं राहायचं. चेंडू बाहेर गेला तरी ते घड्याळ थांबत नाही, त्यामुळं आमचा ऊस तिथंही रेफरीच्या मर्जीवरच राहिला असता. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर सामना बघितलेला कुणीही सांगेल की शेवटच्या पाच मिनिटांत नक्की किती उरलं हे न कळणं यातच अर्धा जीव असतो. दिलबहार आणि पाटाकडील या इथल्या दोन संघांच्या सामन्यात ते उलटं घड्याळ लावलं तर गॅलरीतली पोरं ते काढून घरी नेतील.

तेव्हा मला अमेरिकेचं घड्याळ नको आहे. मला आहे तो नियम पाळलेला हवा. सातव्या नियमात बदली खेळाडू, दुखापत, कार्ड, वेळकाढूपणा, गोलनंतरचा जल्लोष, सगळ्याची वेळ भरून द्यायला सांगितलं आहे. भरपाईची वेळ जाहीर झाली की ती वाढवता येते, कमी करता येत नाही. २०२२ च्या कतार वर्ल्डकपमध्ये रेफरींनी हे मनावर घेतलं तर इंग्लंड-इराणचा नव्वद मिनिटांचा सामना ११७ मिनिटांच्या पुढं गेला. आमच्याकडं पंचवीसचा तेवीस होतो.

हॉकीवाल्यांनी पेनल्टी कॉर्नरला घड्याळ थांबवायची सोय केली. कबड्डीत चढाईला ३० सेकंद, त्याचा हिशेब गावच्या मैदानातलं शेंबडं पोरही ठेवतं. फुटबॉललाच काय साडेसाती आहे?

मागण्या म्हणाल तर फार नाहीत. सामना किती मिनिटांचा ते परिपत्रकात लिहा आणि पाहुण्यांसाठी बदलू नका. चौथ्या पंचाच्या टेबलावर एक घड्याळ, एक वही, एक माणूस. किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं, खाली दोन्ही कॅप्टनांच्या सह्या. आमच्या डेपोत फलाटावरचा शिकाऊ कंडक्टर हे काम करायचा. आणि चेंडू, किमान तीन. खर्च काढला मी. राज्यात महाविद्यालयीन फुटबॉलची मैदानं चारशे धरा, पाचशे धरा, आकडा आपल्या खात्याला ठाऊक असेल, नसेल तर तेही कळू द्या. स्टॉपवॉच तीनशे रुपयांचं. दीड लाखात सगळा महाराष्ट्र वेळेवर येतो. परवाच्या मंडपाचंच भाडं किती होतं कुणास ठाऊक, सहा तर कमानी होत्या.

पण पैशाचा प्रश्न कुठं आहे? १५ सप्टेंबर २०१७ ला आपल्या सरकारनं राज्यात दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं. शाळाशाळांत चेंडू आले. आमच्या गल्लीतल्या शाळेतही आले, सेल्फी निघाले, आणि नंतर चेंडू कपाटात गेले, कारण ते साहित्य होतं आणि साहित्याची नोंद असते, हरवलं तर शिक्षकाच्या पगारातून. डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर मेस्सी आला. आनंद आहे, मीही टीव्हीसमोरून उठलो नाही. पण त्या एका संध्याकाळी सेकंदासेकंदाचा कार्यक्रम आखता येतो ना सरकारला? कोण कधी येणार, फोटो कधी, जर्सी कधी, सगळं. मग पोरींच्या फायनलला घड्याळ का सापडत नाही?

कारण साहेब, या राज्यात वेळ वरून खाली येते. पाहुणे दोन तास उशिरा आले तर ते कामात असतात. निकाल दोन महिने उशिरा लागला तर तांत्रिक अडचण असते. शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जमा झाली तर पोर्टल. माझी स्वतःची ग्रॅच्युइटी किती महिन्यांनी हातात पडली ते इथं लिहीत नाही, पत्र लांबेल. आणि हा सगळा उशीर कुठंतरी भरून काढायचा असतो, तो भरून काढतात शेवटच्या माणसाच्या वाट्यातून. कॉर्नर मारायला उभ्या राहिलेल्या पोरीच्या.

रेफरीवर माझा राग उतरला आहे, खरंच. सकाळपासूनचा त्यांचा तो चौथा सामना होता. शिट्टी दिल्यावर ते मांडवाकडं गेलेच नाहीत, नळाखाली डोकं धरून उभे होते. त्यांना दिवसाचे किती मिळतात ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं, पण लिहू नका म्हणाले.

उत्तराची वाट बघतो. किती दिवसांत येतं ते वहीत लिहून ठेवणार आहे.

आपला,
एका लेफ्ट विंगरचा बाप,
कोल्हापूर

ता. क. टाइमरचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे, मागितलात तर पाठवतो. आणि त्या उसात पोरांना दोन चेंडू सापडले होते. एक आपला, एक मागच्या वर्षीच्या फायनलचा.