खानदेशातले ढालकिडे खानदेशातच ओळखता यावेत : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगतो. खानदेशातल्या कीटकांचा नीट जपलेला संग्रह धुळ्यात किंवा जळगावात असावा, आणि त्यावर किडे ओळखण्याचे शिक्षण घेतलेला एक तरी पूर्णवेळ माणूस नेमावा. महाविद्यालयांत शिकवण्यापुरत्या पेट्या असतात, पण तेवढ्यावर नव्या जातीचे काम होत नाही. का होत नाही, ते ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या उदाहरणाने सांगतो. मी अमळनेर परिसरात प्राणिशास्त्र शिकवतो आणि हे किडे माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहेत.

पोस्टरवरचा लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे. सात ठिपक्यांच्या जातीला लिनियसने १७५८ साली नाव दिले, आपल्याकडे कपाशीवर हमखास दिसणाऱ्या सहा ठिपक्यांच्या जातीला फॅब्रिशियसने १७८१ साली. पण पिठ्या ढेकणाच्या गर्दीत शिरून त्याची अंडी-पिल्ले फस्त करणारे कितीतरी ढालकिडे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे असतात. तपकिरी किंवा काळपट, अंगावर बारीक लव, पुष्कळदा एकही ठिपका नाही. स्किम्नस, नेफस हे त्यांचे वंश (एकमेकींच्या जवळच्या जातींचे गट). त्यांच्यात अजून नाव न मिळालेल्या जाती सापडण्याची शक्यता सर्वात जास्त, आणि त्यांच्याकडेच आपले सर्वात कमी लक्ष आहे.

मागच्या हंगामात एका शेतकऱ्याने कपाशीचा शेंडा तोडून माझ्यापुढे धरला. सगळा पांढरा पडलेला. दुकानदाराने औषध दिले होते, अर्धे शेत मारूनही झाले होते. भिंगाखाली पाहिले तर पिठ्या ढेकूण जागच्या जागी रस शोषत बसलेले, आणि त्यांच्यामधून तसलेच पांढरे, मेणाच्या झिपऱ्या पांघरलेले काही जीव भराभर फिरत होते. एकाला सुईने उलटे केले. सहा पाय, पुढे जबडा, आणि जबड्यात ढेकणाचे पिल्लू. ढालकिड्याची अळी! "सर, ह्या बी त्याच शेतस का?" (ह्याही त्याच आहेत का?) त्याने विचारले. नाहीत, म्हणालो. पण नेमकी कोणती जात, हे मलाही सांगता आले नाही.

सांगायचे तर काय करावे लागते? आधी अळ्या वाढवून प्रौढ किडे मिळवायचे, कारण जात ठरते ती प्रौढ नरावरून. रंगावर विसंबता येत नाही. सहा ठिपक्यांच्या एकाच जातीत कुठे लाल जास्त, कुठे जवळजवळ सगळा काळा, असे प्रकार निघतात. म्हणून नराचे पोट सोडवून, अल्कलीत मऊ करून, आतले जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली काढायचे आणि त्याचे मोजमापासह चित्र करायचे. पोटाच्या पहिल्या खंडावरची बारीक वक्ररेषा पूर्ण आहे की अर्धवट, शृंगिकांचे, म्हणजे मिशांचे, खंड किती, हे टिपायचे. मग त्या वंशातल्या आधी नाव मिळालेल्या जातींशी एकेक ताडून पाहायचे. त्यांचे मूळ नमुने कोलकात्यात, दिल्लीत, लंडनमध्ये, पॅरिसमध्ये विखुरलेले. कशाशीच जुळले नाही, तर एक नमुना प्रमाण म्हणून ठरवून, वर्णन छापून, नाव द्यायचे. हे सगळे एकटा प्राध्यापक सुट्टीच्या दिवशी करू शकत नाही.

नावाने शेतकऱ्याला काय मिळते, असे आपले अधिकारी विचारतील. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा कापसासारख्या पांढऱ्या खवलेकिडीने बसायला आल्या होत्या, तेव्हा १८८८ साली कीटकतज्ज्ञ आल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून एक लाल ढालकिडा पाठवला आणि बागा वाचल्या. त्या किड्याचे वर्णन फ्रान्समधल्या लियोंच्या मुल्सां यांनी १८५० सालीच करून ठेवले होते. द्राक्ष बागायतदार पिठ्या ढेकणासाठी सोडतात तो क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडाही ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणलेला. त्याचेही नामकरण मुल्सां यांचेच. आपल्या बांधावर आयते काम करणाऱ्या किड्याला नावच नसेल, तर तो वाढवायचा कसा आणि कोणते औषध त्याला मारते हे तपासायचे कसे? उलटही होते. वांग्याची पाने खरवडणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा किडा ढालकिड्यांच्याच घराण्यातला आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या भरताच्या वांग्यांच्या जिल्ह्यात मित्र समजून त्याला सोडून देणे परवडणारे नाही.

नमुन्यासोबतच्या, तो कुठे-कधी मिळाला हे सांगणाऱ्या चिठ्ठीचे मोल तर खानदेशाइतके कुणाला कळावे? नामशेष मानलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. १९१४ साली गुजरातेत हा पक्षी आपल्याला मिळाला, हा ब्रिटिश पक्षिसंग्राहक मेनर्टझागेन यांचा दावा खोटा होता. संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या नमुन्यावर त्यांनी नवी चिठ्ठी लावली होती. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली आणि त्यांच्या चमूला पक्षी दिसला. ब्रिटिश अधिकारी डेव्हिडसन यांनी खानदेशात १८८० च्या दशकात गोळा केलेले नमुने परदेशातल्या कपाटांत जपले होते, म्हणून हे शक्य झाले. आज गोळा होणाऱ्या किड्यांना तसे कपाट इथे कुठे आहे? डांबरगोळ्या बदलल्या नाहीत तर नमुने खाणारे किडे पेटीत शिरतात, पावसाळ्यात ओल लागली तर बुरशी येते आणि वर्षभराची मेहनत जाते.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीचा नमुना केंद्राने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. ते योग्यच आहे. पण प्रमाण नमुन्याच्या जोडीचे इतर नमुने इथे राहू शकतात, आणि चोपडा-यावलच्या विद्यार्थ्याला ते पाहायला कोलकात्याचे तिकीट काढावे लागू नये.

यासाठी नवी इमारत नको. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा जळगावच्या विद्यापीठात एक कोरडी खोली, घट्ट झाकणाच्या पेट्या, चांगला सूक्ष्मदर्शक, कॅमेरा, आणि कंत्राटी नव्हे तर कायम पद. गावोगावच्या कृषी कर्मचाऱ्यांना दरवर्षी खरिपाआधी दोन दिवस तिथे बसवावे. पांढरा शेंडा दिसला की भिंगातून पाहून मगच फवारणीचा सल्ला द्यायची सवय त्यांना तिथे लागेल. येत्या अर्थसंकल्पात ही तरतूद करावी, ही विनंती. माझ्याकडचे सगळे नमुने, ठिकाण-तारखेच्या नोंदींसह, मी पहिल्याच दिवशी जमा करीन.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक अध्यापक, अमळनेर